सुट्टीच्या दिवशीची गोळी

माझं शिक्षण कोणामुळे झालं असं कोणी विचारलं, तर मी गोंडपिपरीला तहसील कार्यालयासमोर टेबल मांडून बसणाऱ्या अर्जवाल्या चाचांकडे बोट दाखवतो. आईवडील धानाच्या बांधीत राबले म्हणून मी वाढलो, हे खरंच आहे. पण आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. तिथे जायचं कसं, कोणत्या खिडकीवर कोणता कागद द्यायचा, हे सांगणारा पहिला माणूस म्हणजे चाचा. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही. तालुक्यात फारसं कोणाला ते माहीतही नसेल. बदलून आलेले साहेबसुद्धा आठ दिवसांत त्यांना चाचा म्हणायला लागतात.

चाचांचं काम लोकांचे अर्ज लिहिण्याचं. कडुनिंबाखाली एक टेबल, दोन खुर्च्या, कोऱ्या फॉर्मांचे गठ्ठे आणि वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला नदीतला गोटा. बाजाराच्या दिवशी खेड्यांवरून आलेल्या माणसांची त्यांच्याभोवती गर्दी असायची. कोणाचा सातबारा, कोणाचा वनहक्काचा दावा, कोणाचं रेशनकार्ड. चाचा आधी सगळं ऐकून घ्यायचे आणि मग लिहायचे. त्यांचं अक्षर मोठं, गोल आणि मोकळं होतं. आतले कारकून म्हणायचे की चाचांचा अर्ज असला की चष्मा लावावा लागत नाही.

बारावीनंतर माझा शिष्यवृत्तीचा अर्ज दोनदा परत आला होता. मी तो घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो तेव्हा त्यांनी माझा कागद वाचला आणि हसले. मी अर्जात घरची सगळी परिस्थिती दोन पानं भरून लिहिली होती. ते म्हणाले, "बेटा, विषय एका ओळीत लिही. दुःख खाली लिही. अन् खाली बी थोडंच लिही, बाबूले जेवाले जायचं असते." तो अर्ज त्यांनी लिहून दिला. पुढच्या वेळी मात्र कागद माझ्याकडे फिरवला आणि म्हणाले, आता तू लिही, मी बसतो. वर्तमानपत्रात आलेली फार्मसी कॉलेजच्या प्रवेशाची जाहिरातही त्यांनीच कापून माझ्यासाठी जपून ठेवली होती. मला तोवर फार्मसी म्हणजे औषधाचं दुकान एवढंच माहीत होतं.

आज मी अहेरीकडच्या एका सरकारी दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीमागे बसतो. गोंडपिपरीला महिन्यातून एकदा जातो. गावाकडे जाण्याआधी चाचांच्या टेबलापाशी उतरायचं, ही माझी ठरलेली रीत.

तीनेक वर्षांपूर्वी वडिलांच्या सातबाऱ्यावर नावात चूक निघाली. मी स्वतः अर्ज लिहू शकत होतो, पण वडिलांना चाचांच्याच हातचा हवा होता. चाचा लिहायला बसले. ओळीची सुरुवात नेहमीसारखी झाली, पण पुढे अक्षर लहान होत गेलं आणि ओळीच्या शेवटी अगदी मुंग्यांच्या रांगेसारखं झालं. दुसऱ्या ओळीचंही तेच. वडिलांना ते कळलं नाही. मला कळलं. मग लक्षात आलं की त्यांचा उजवा हात चालताना हलत नाही, आणि चेहराही जरा ताठ झाला आहे. बाजारातली माणसं मागून म्हणायची की चाचा आजकाल हसत नाहीत, मोठे झाले. ते मोठे झाले नव्हते. त्यांना हसू येत होतं, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचत नव्हतं.

मी त्यांना चंद्रपूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटांच्या चिमटीची उघडझाप करायला लावली आणि एक ओळ लिहायला सांगितली. चाचांनी सवयीने लिहिलं, 'मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी', आणि ओळ संपेपर्यंत साहेब दिसेनासे झाले. डॉक्टर म्हणाले, पार्किन्सन आहे. गोळ्या सुरू केल्या. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात. जेवणाच्या अर्धा तास आधी, पाण्यासोबत.

पंधरा-वीस दिवसांनी मी गेलो तेव्हा चाचांचं अक्षर बऱ्यापैकी मोठं झालं होतं. त्यांनी मला एक कोरा कागद भरून दाखवला. शाळेतल्या मुलाने वही दाखवावी तसा. मला फार बरं वाटलं. निघताना त्यांनी विचारलं की एखाद वेळी गोळी चुकली तर काय करायचं. माझी बस लागलेली होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, एखादी चुकली तर घाबरू नका, दोन एकदम घेऊ नका, पुढची आपल्या वेळेवर घ्या. ही माहिती बरोबरच होती. खिडकीतून मी ती रोज देतो. पण समोर कोण आहे याचा मी विचार केला नव्हता. ज्या माणसाने चाळीस वर्षं सरकारी नियम वाचून त्यातून गरिबाच्या सोयीची वाट काढली, त्याला मी एक नियम तोंडी सांगून निघून गेलो होतो.

दिवाळीत तहसील कार्यालयाला लागून सुट्ट्या आल्या. सुट्ट्यांच्या चौथ्या दिवशी सकाळी चाचींचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, फोन आला. चाचांना कूस बदलता येत नव्हती. अंग लाकडासारखं झालं होतं, ताप होता, आणि मधूनच काहीतरी असंबद्ध बोलत होते. मी दवाखान्यात सांगून मिळेल त्या गाडीने निघालो. आष्टीचा पूल ओलांडेपर्यंत खनिजाच्या ट्रकांमागे गाडी रांगत होती, आणि मी फोनवर शेजाऱ्यांना सांगत होतो की त्यांना तोंडाने काही पाजू नका, ठसका लागेल, आधी चंद्रपूर गाठा.

चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला की गोळी शेवटची कधी घेतली. चाचींनी पिशवीतून एक चौकोनी डबा काढला. त्यात गोळ्यांच्या पट्ट्या रबर लावून नीट ठेवलेल्या होत्या. वापरलेल्या कमी, भरलेल्या जास्त.

हळूहळू उलगडा झाला. चाचा गोळी घेत होते, पण कार्यालयाच्या वेळापत्रकाप्रमाणे. तहसील उघडायच्या आधी एक, जेवणाच्या सुट्टीनंतर एक. संध्याकाळी टेबल उठलेलं असायचं, म्हणून तिसरी बंद. शनिवारी-रविवारी कार्यालय बंद, म्हणून गोळीलाही सुट्टी. सणाची सुट्टी आली की तीही धरायची. कोणत्या दिवशी सुट्टी आहे हे तालुक्यात त्यांच्याइतकं कोणाला पाठ नव्हतं. बाजाराच्या दिवशी मात्र काम जास्त, म्हणून सकाळी दोन गोळ्या एकदम. त्या दिवशी दुपारी हात आपोआप वळवळायचे आणि उठताना डोळ्यांसमोर अंधारी यायची, ते त्यांनी कोणाला सांगितलंच नव्हतं. शरीराला औषधाची सवय लागली की ते काम करत नाही, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून जपून वापरायचं. शाई जपावी तसं.

दिवाळीत सलग सुट्ट्या आल्या आणि गोळी सलग बंद राहिली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की हे औषध असं एकाएकी बंद केलं तर जिवावर बेतू शकतं, थोडक्यात निभावलं आहे. त्यांनी आणखी एक विचारलं, जंगलातलं काही घेता का? चाचींनी ओशाळून एक पुडी काढली. वनहक्काचा दावा मंजूर झालेल्या एका माणसाने प्रेमाने आणून दिलेली खाजकुयलीच्या बियांची पूड होती. मला वाटलं डॉक्टर रागावतील. पण ते शांतपणे म्हणाले की या बियांत त्या गोळीतलंच औषध असतं, पण किती असतं ते आपल्याला मोजता येत नाही. दोन्ही मिळून जास्त होईल. ते घ्यायचं नाही, आणि घेतलं तर माझ्यापासून लपवायचं नाही.

तीन-चार दिवसांनी चाचा उशीला टेकून बसू लागले. मी त्यांच्याजवळ बसून सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग आपली बाजू मांडली. त्यात लबाडी नव्हती, हे मला कळत होतं. त्यांना भीती होती ती हात जाण्याची. टेबल गेलं तर आपण कोण, हा प्रश्न त्यांनी मला विचारला नाही, पण तो तिथे होता. म्हणून जेवढं औषध आहे तेवढं हातासाठी राखून ठेवायचं, असा त्यांचा हिशेब.

ते म्हणाले, "ऑफिस बंद असल्यावर हात कोनाले दाखवू मी? घरी बसूनच तर राहतो."

चाची तोवर मोसंबी सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "तहसीलचे बाबू सुट्टीवर जातेत, तं तुमचे पाय बी त्याहीच्या संगं जातेत का? शनवारी कुर्त्याच्या गुंड्या मी लावतो. रविवारी पलंगावरून मी उठवतो. नमाजले खुर्ची मी ठेवतो. तहसीलदाराची बायको येते का उठवाले?"

चाचांनी चाचींकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण खांदे हलत होते. ते हसत होते. चाचींच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं, आणि तेव्हा मला समजलं की आठवड्यातले पाच दिवस आम्ही सगळे ज्यांना पाहत होतो ते चाचा गोळीवरचे होते. उरलेल्या दोन दिवसांचे चाचा फक्त या बाईने पाहिले होते.

डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा थोड्या मात्रेपासून सुरू केल्या आणि हळूहळू जुन्या वेळांवर आणल्या. घरी आल्यावर चाचींनी अजानवर वेळा बसवल्या होत्या. फजर, जोहर, मगरीब, म्हणजे पहाट, दुपार आणि सूर्यास्त. ते बघून मला आधी छान वाटलं. मग सुचलं की सकाळ-संध्याकाळची अजान सूर्याबरोबर पुढेमागे होते, आणि गोळीला तसं चालत नाही. मी त्यांच्या साध्या मोबाइलवर तीन गजर लावून दिले, आणि रोजच्या तीन गोळ्यांसाठी तीन-तीन खण असलेला डबा आणून दिला. गोळी गरम पडते म्हणून त्या ती ग्लासभर दुधाबरोबर देत होत्या, तेही थांबवलं. दूध, अंडी, मटण खायला हरकत नाही, पण गोळीसोबत नाही, नाहीतर ती नीट लागू होत नाही. मळमळलं तर दोन कोरडी बिस्किटं द्यायची.

जानेवारीपर्यंत सगळं ठीक चाललं. मग प्रजासत्ताक दिन सोमवारी आला. म्हणजे शनिवार, रविवार, सोमवार, तीन दिवस कार्यालय बंद. त्याच्या आधीच्या बुधवारी चाचांचा फोन आला. आवाज अगदी साळसूद. त्या तीन दिवसांत फक्त सकाळची गोळी घेतली तर चालेल का, पूर्ण बंद तर करत नाही ना आपण, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, चालणार नाही. ते म्हणाले की पण दिवाळीत एकदम बंद केली म्हणून झालं, कमी केल्याने कुठे झालं? मी पुन्हा समजावायला लागलो, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"तू तोंडी सांगून राह्यला, बेटा. दिवाळीच्या आधी बी तू तोंडीच सांगतलं होतं, चुकली तं घाबरू नका म्हणून. मी लोकाहीले काय सांगतो? तोंडी कायचं बी काही नसते. लेखी दे."

ते चिडून बोलले नव्हते. पण ते मला लागलं, कारण ते खरं होतं. खिडकीमागे बसून मी गोळ्यांच्या पाकिटावर तीन वेळांच्या तीन रेघा मारतो आणि पुढच्याला हाक मारतो. तो माणूस किती वाजता उठतो, त्याच्या घरी घड्याळ आहे का, सुट्टीला तो काय करतो, हे मी विचारत नव्हतो. आता विचारतो. रांग लांबते, मागचे लोक कुरकुरतात, पण विचारतो.

त्या दिवशी ड्युटी संपल्यावर मी तिथेच बसून चाचांना लेखी दिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्यासाठी काही लिहीत होतो. दुसऱ्या दिवशी गोंडपिपरीवरून जाणाऱ्या चंद्रपूरच्या एसटीने निघालेल्या ओळखीच्या एका गुरुजींच्या हाती ते पाकीट पाठवलं.

मंगळवारी चाचींचा फोन आला. तिन्ही दिवसांचे डब्याचे नऊही खण रिकामे झाले होते. सोमवारी चाचा तहसीलच्या झेंडावंदनाला गेले आणि राष्ट्रगीत संपेपर्यंत काठी न टेकता उभे राहिले. पत्राबद्दल काय म्हणाले, असं मी विचारलं. चाची म्हणाल्या, दोनदा वाचलं, मग म्हणाले पोट्ट्याने विषय लांबवला, आणि पत्र घडी करून डब्याखाली ठेवलं.

ते पत्र असं होतं.

प्रति,
आदरणीय चाचा,
तहसील कार्यालयासमोर, गोंडपिपरी

विषय : कार्यालय बंद असेल त्या दिवशीही गोळ्या तिन्ही वेळा, ठरलेल्या वेळेवर घेण्याबाबत.

संदर्भ : आज आपण फोनवर विचारलेला प्रश्न.

सलाम.

वरील विषयान्वये लिहितो की आपल्या गोळीला सुट्टी नाही. शनिवार, रविवार, सण, निवडणूक, कोणत्याच दिवशी नाही. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात. तीनच्या जागी एक घ्यायची नाही आणि एकीच्या जागी दोन घ्यायच्या नाहीत. गोळी कमी करणं, वाढवणं किंवा थांबवणं हे फक्त आपल्या डॉक्टरांच्या हाती आहे. ते माझ्याही हाती नाही, मी औषधवाला असलो तरी.

मागे मी आपल्याला सांगितलं होतं की एखादी चुकली तर घाबरू नका. ते विसरून राहिलेल्या गोळीबद्दल होतं. ठरवून सोडलेल्या गोळीबद्दल नव्हतं. हे मी तेव्हा स्पष्ट केलं नाही, ही माझी चूक आहे आणि ती मी इथे लेखी कबूल करतो. आपण दिवाळीत ज्या अवस्थेत होता ती पाहताना मला सारखं वाटत होतं की मी बस सोडली असती आणि दहा मिनिटं बसलो असतो तर बरं झालं असतं.

गोळी जपून वापरली म्हणजे जास्त दिवस पुरेल, असं आपल्याला वाटतं. चाचा, तसं होत नाही. वाचवलेली गोळी पुढे हाताला मिळत नाही, फक्त त्या दिवशीचं अंग आखडतं. पुढे कधी गोळीचा असर कमी वाटला, हात आपोआप हलायला लागला, उठताना अंधारी आली, नसलेलं काही दिसू लागलं, तर ते आपल्यापाशी ठेवू नका. चाचींना सांगा, मला सांगा. डॉक्टर वेळा बदलून देतील. पलंगावरून उठताना आधी थोडं बसा, मग उभे राहा. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात, अगदी उलटीची गोळी घ्यायला गेलात तरी, आधी पार्किन्सनच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा. उलटीच्या काही गोळ्या आपल्याला चालत नाहीत. लघवीचा रंग गडद दिसला तर त्याला घाबरू नका, तो या औषधाचा असतो.

रमजान जवळ आला आहे. रोज्यांबद्दल सांगण्याचा माझा अधिकार नाही. ते आपण मौलानांना विचारा, आणि गोळीच्या वेळेचं डॉक्टरांना विचारा. दोघांचंही उत्तर येईपर्यंत आपल्या मनाने वेळ बदलू नका, एवढीच विनंती. चंद्रपूरला जाण्यासाठी मी पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारची रजा टाकली आहे. सकाळच्या गाडीने गोंडपिपरीला येतो, तिथून आपण तिघं सोबत जाऊ. दुपारी एकची गोळी आणि पाण्याची बाटली चाचींच्या पिशवीत असू द्या, दवाखान्यात नंबर लागायला उशीर होतो.

अजून कागदावर कधी लिहिलं नाही ते लिहितो. माझं नाव ज्या ज्या सरकारी कागदावर आहे, त्या प्रत्येकाच्या आधी आपण लिहिलेला किंवा लिहून घेतलेला एक अर्ज आहे. आपला हात चालावा असं मला वाटतं. पण तो थांबला, टेबल उठलं, तरी मी महिन्यातून एकदा येईनच, आणि आपल्या घरी चहा घेईन. आपण तेवढे बरे राहा.

मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिलं आहे.

आपला,
विद्यार्थी

सोबत : गोळ्यांच्या वेळांचा एक कागद, भिंतीला लावण्यासाठी. शनिवार-रविवार त्यात लाल केलेले नाहीत.